गिअर फिरतात, पण दात आरपार जातात

खटपट_चालू
नमस्कार मंडळी. चार दिवस एकट्याने डोकं आपटलं, आता सार्वजनिक आपटतो.

हौस म्हणून सॉलिडवर्क्समध्ये (थ्रीडी कॅड) छोटा गिअरबॉक्स काढतोय. सध्या त्यात दोनच स्पर (सरळ दातांचे) गिअर आहेत. मॉड्यूल (दाताच्या आकाराचं माप) २, लहान चाकाला २० दात, मोठ्याला ४०, प्रेशर अँगल २०°, सेंटर डिस्टन्स ६० मिमी. दोन्ही चाकं आपापल्या शाफ्टशी कॉन्सेन्ट्रिक (एकाच अक्षावर), बाजूचे फेस हाउसिंगला कोइन्सिडंट (चिकटून). दात खाचेत बसेल असं नजरेने जुळवलं आणि वर गिअर मेट लावला (मेट म्हणजे पार्टना एकमेकांशी बांधणारी अट, हा दोघांचं फिरणं बांधतो).

लहान चाक माउसने ओढलं की मोठं उलट दिशेने फिरतं. इथवर आनंद. पण जरा पुढे गेलं की दात एकमेकांत घुसायला लागतात, आणि अर्ध्या फेऱ्याला थेट दातावर दात. गंमत म्हणजे लहान चाकाचा फेरा पूर्ण झाला की सगळं पुन्हा जवळजवळ जागेवर! पुढच्या फेऱ्यात परत तेच.

मेट तीनदा काढून लावला. रिव्हर्सची खूण करून पाहिली, तर दोन्ही एकाच दिशेला फिरायला लागली, तो वेगळाच तमाशा. शेवटी वैतागून दोन दातांच्या फेसमध्ये टॅन्जंट (टेकलेलं ठेवणारा) मेट दिला, तर अख्खी यादी लाल.

दुसरी शंका: ट्रीमध्ये (पार्टच्या यादीत) दोन्ही गिअरच्या नावापुढे (-) दिसतं. ते घालवायचं असतं का?

चक्रमादित्य
दात आरपार जातायत म्हणजे केस दंतवैद्याची नाही, मांत्रिकाची आहे. कोपऱ्यात बसून वाचतो.

सातवा_अंश
आधी दुसरी शंका घेतो, कारण नवीन माणूस बहुतेक वेळा तिथेच अडकतो.

(-) म्हणजे चूक नव्हे. त्या पार्टला अजून कुठेतरी हलता येतंय, एवढंच ते सांगतं. मोकळ्या पार्टला सहा मोकळिकी असतात, तीन सरकायच्या आणि तीन फिरायच्या. कॉन्सेन्ट्रिक मेट त्यातल्या चार खातो. उरतं अक्षावर पुढेमागे सरकणं आणि अक्षाभोवती फिरणं. फेसचा मेट सरकणं बंद करतो, राहिलं फिरणं. दोन चाकं म्हणजे अशी दोन फिरणी, आणि गिअर मेट ती एकमेकांना बांधून एक कमी करतो. अख्ख्या जोडणीत शेवटी एकच मोकळीक उरली पाहिजे. तीही घालवलीत तर फिरवणार काय?

तुमच्या टॅन्जंटने नेमकी ती शेवटची मोकळीक खाल्ली आणि वर सॉल्व्हरला (मेट सोडवणाऱ्या प्रोग्रॅमला) दोन्ही अटी एकदम पाळता येईनात, म्हणून लाल. शिवाय त्या मेटचा अर्थ होतो 'हाच दात त्याच दाताला कायम चिकटून राहू दे'. खरा दात येतो, टेकतो आणि निघून जातो.

हाउसिंग फिक्स आहे ना? असेम्ब्लीत पहिला टाकलेला पार्ट आपोआप फिक्स होतो, नावापुढे (एफ) येतं. लोक हौसेने पहिला गिअरच टाकतात आणि मग तो फिरत का नाही म्हणून रडतात. मी रडलोय.

खटपट_चालू
हाउसिंगच फिक्स आहे. म्हणजे (-) राहू देतो, एक चिंता मिटली. आरपार मात्र चालूच.

शून्य_क्लिअरन्स
बॅकलॅश (दातांमधली मोकळी जागा) दिलाय का? दात शून्य बॅकलॅशने काढले की कॅडमध्ये रेषेला रेष लागते आणि इंटरफिअरन्स दाखवतं. सेंटर डिस्टन्स ६०.१ करून बघा.

आकडेमोड्या
शून्यराव, तसं असतं तर प्रत्येक दात सारखाच घुसला असता. इथे घोळ फिरण्याबरोबर वाढतो आणि फेरा पूर्ण होताना मिटतो. हा दाताच्या जाडीचा प्रश्न नाही, गुणोत्तराचा आहे.

खटपट, गिअर मेटच्या खिडकीत गुणोत्तराच्या दोन चौकटी आहेत. त्यातले आकडे जसेच्या तसे लिहा. आणि मेट लावताना नेमकं कशावर क्लिक केलंत तेही.

शून्य_क्लिअरन्स
बरं. तरी बॅकलॅश द्याच, पुढे प्रिंट करणार असाल तर माझी आठवण येईल.

निवृत्त_टूलरूम
तरुण मंडळींना एक अनुभव सांगतो, विषयाला थोडा आडवा आहे.

आमच्याकडे एकदा बाहेरून आलेली गिअरची स्टेप फाइल होती. कॉन्सेन्ट्रिक लावला, चालला. फेस कोइन्सिडंट लावला की लाल. पोरगा दोन तास मेट उलटसुलट करत बसला. शेवटी मी म्हटलं, अरे मोज तरी. तर गिअरचा फेस बोअरच्या (मधल्या भोकाच्या) अक्षाला काटकोनात नव्हताच, अंशाच्या हजाराव्या भागाइतका तिरका. डोळ्याला काही दिसत नाही, पण सॉल्व्हरला दिसतं. फेसला फेस चिकटवणारा मेट एकटा पाहिला तर तीन मोकळिकी खातो. त्यातल्या दोन कॉन्सेन्ट्रिकने आधीच खाल्लेल्या असतात. दोघांचं म्हणणं एकच असेल तर सॉल्व्हर कानाडोळा करतो, केसभर फरक पडला की भांडण. तेव्हापासून आम्ही आयात केलेल्या पार्टला दुसरा मेट फेसऐवजी एका बिंदूला देतो. बिंदू प्लेनवर बसवला की एकच मोकळीक जाते आणि कुणाचं कुणाशी वाकडं येत नाही.

बाकी माझं मत विचाराल तर स्क्रीनवर गिअर फिरवणं हा खेळ आहे. सेंटर डिस्टन्स बरोबर, दात बरोबर, तर तो मशीनमध्ये फिरणारच.

सातवा_अंश
काका, बिंदूची युक्ती वहीत लिहून घेतली. पण 'खेळ' या शब्दाला हरकत आहे. हात कुठे आपटतो, बोल्टचं डोकं गिअरच्या आड येतं का, हे फिरवल्याशिवाय कळत नाही. कागदावर कळायचं ते तुमच्या पिढीला.

निवृत्त_टूलरूम
आमच्या पिढीलाही आपटल्यावरच कळायचं. फक्त आवाज मोठा यायचा.

चक्रमादित्य
काका __/\__

खटपट_चालू
चौकटीत ४४ मिमी आणि ८४ मिमी आहे. क्लिक दातांच्या बाहेरच्या गोल कडेवर केलं होतं, तीच पटकन हाताला लागली.

आकडेमोड्या
सापडलं!

गिअर मेटला दात दिसत नाहीत. तुम्ही ज्या गोलावर क्लिक करता त्याचा व्यास उचलून तो गुणोत्तर आपलं आपणच भरतो. तुम्ही निवडला बाहेरचा व्यास, म्हणजे मॉड्यूल × (दात + २). २ × २२ = ४४ आणि २ × ४२ = ८४. गुणोत्तर झालं १.९०९. हवं होतं पिच व्यासांचं (मॉड्यूल × दात), ४० आणि ८०, म्हणजे सरळ २.

आता तुमचं भूत बघा. लहान चाक एक फेरा फिरलं की मोठं १८० अंश फिरायला हवं. तुमचं फिरतं १८८.५७ अंश, म्हणजे ८.५७ अंश जास्त. आणि मोठ्या चाकाचा एक दात केवढा? ३६० भागिले ४०, ९ अंश. थोडक्यात, दर फेऱ्याला ते जवळजवळ अख्खा एक दात पुढे पळतं. दात सगळे सारखेच, त्यामुळे फेरा संपला की जागेवर आल्यासारखं वाटतं. अर्ध्या फेऱ्याला फरक ४.२९ अंश, अर्धा दात ४.५ अंशांचा, म्हणून तिथे दातावर दात.

पैजेवर सांगतो: दर फेऱ्याला बरोबर एकविसांश दाताची तूट राहते. दहा-अकरा फेरे मोजून फिरवा, मग फेरा पूर्ण झाल्यावरसुद्धा दातावर दात येईल. आणि एकविसाव्या फेऱ्याला परत सगळं जागेवर.

चौकटीत थेट २० आणि ४० टाका. क्लिक कशावरही करा, बोअरवर केलंत तरी चालेल, मेटला फक्त अक्ष हवा असतो.

मीनल_मॉड्यूल
वा! हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला.

खटपट_चालू
आकडेमोड्या, दंडवत. दुरुस्त करण्याआधी मुद्दाम मोजून फिरवलं. दहाव्या फेऱ्याच्या शेवटी दात दाताच्या डोक्यावर चढायला आला होता. मग २० आणि ४० टाकले, आता कितीही फिरवा, जागचं हलत नाही. म्हणजे फिरतं, पण... कळलं ना.

एक बारीक राहिलं. नजरेने जुळवलेला दात अगदी मधोमध नाही, एका बाजूला किंचित घुसतो. मेट लावल्यावर तेवढंच सरकवायचं कसं?

मीनल_मॉड्यूल
ते आधी करायचं. गिअर मेट लावताना दोन्ही चाकं जशी असतील तिथूनच तो मोजायला सुरुवात करतो. नजरेवर सोडू नका.

माझी पद्धत अशी. दात काढतानाच पार्टमध्ये दोन प्लेन करून ठेवते, दोन्ही अक्षातून जाणारी. एक दाताच्या मधोमध, एक खाचेच्या मधोमध. पिच सर्कलही स्केचमध्ये ठेवते, म्हणजे दोन सर्कल टेकतात की नाही ते असेम्ब्लीत डोळ्यांना दिसतं. मग एका गिअरचं दाताचं प्लेन आणि दुसऱ्याचं खाचेचं प्लेन, दोन्ही दोन शाफ्टना जोडणाऱ्या प्लेनवर बसवायची, तात्पुरती. दात नेमका समोरच्या खाचेकडे तोंड करून आहे ना ते बघून घ्या, प्लेन पलीकडच्या बाजूनेही बसतं. मग हे दोन्ही मेट सप्रेस (तात्पुरते बंद) करायचे आणि गिअर मेट लावायचा. पुसायचे मात्र नाहीत. पुढे कधी गिअर मेट सप्रेस केला आणि चुकून एक चाक हललं की जुळणी गेली, तेव्हा हेच दोन मेट वाचवतात.

ज्यांना प्लेनचा कंटाळा त्यांच्यासाठी आकड्याचा मार्ग: दोन्ही गिअर पहिला दात उजवीकडे धरून काढलेत आणि दुसरा पहिल्याच्या उजवीकडे ठेवलात, तर दुसऱ्याला १८० भागिले दात इतके अंश फिरवायचं. ४० दातांना ४.५ अंश.

शून्य_क्लिअरन्स
हा आकड्याचा मार्ग मी डोळे झाकून वापरायचो आणि एकदा २१ दातांच्या चाकाला सपशेल आपटलो. कारण अजून कळलं नाही.

मीनल_मॉड्यूल
विषम संख्या! सम दात असले की उजवीकडे दात म्हणजे बरोबर समोर डावीकडेही दात, आणि डावीकडचाच पहिल्या गिअरकडे तोंड करून असतो. म्हणून अर्धा दात फिरवावं लागतं. २१ दातांत उजवीकडे दात असेल तर डावीकडे आपसूक खाच येते. फिरवायचंच नसतं. तुम्ही फिरवलंत आणि दातावर दात आणला.

शून्य_क्लिअरन्स
चुकीचा गिअर म्हणून मी ती फाइल उडवली होती. असो.

ओळंबा
सगळे गिअर मेटच्या मागे का लागलात? मोशन स्टडीत (हालचालीच्या नकलेत) सॉलिड बॉडी कॉन्टॅक्ट लावा, लहान चाकाला मोटर द्या. दात दाताला खरोखर ढकलतो. गुणोत्तर घालायलाच नको, चुकायचा प्रश्नच नाही.

सातवा_अंश
दोन चाकांना ठीक आहे. मी सात चाकांना लावलं होतं, संगणक उडायला निघाल्यासारखा पंखा वाजत होता. कॉन्टॅक्ट दर क्षणी कुठे टेकलंय ते शोधत बसतो. शिवाय दात खराखुरा इन्व्होल्यूट (गिअरच्या दाताची खरी वक्ररेषा) असेल तरच त्या ढकलण्याला अर्थ. लायब्ररीतून उचललेले कित्येक गिअर दिसण्यापुरते असतात, साध्या कमानीचे दात. त्यांच्यावर कॉन्टॅक्ट लावला की चाक हिसके देत फिरतं आणि आपण मेट तपासत बसतो.

बॅकलॅशमधला खडखडाट, दातावरचा जोर असं काही हवं असेल तर कॉन्टॅक्ट. नुसतं नातं दाखवायचं असेल तर मेट.

ओळंबा
मान्य, पण तुमचा मेट वर्म गिअरमध्ये (स्क्रूसारखा वर्म चाक फिरवतो तो) खोटं बोलतो. एकसूत्री (एकच आटा असलेला) वर्म, ४० दातांचं चाक, गुणोत्तर ४०. वर्म फिरवला, चाक फिरलं, छान. मग माउसने चाक ओढा, वर्म गरागरा फिरतो! एवढ्या गुणोत्तराला खऱ्यात चाकाने वर्म बहुतेकदा फिरत नाही. मेटला घर्षण माहीतच नाही.

सातवा_अंश
मेटला काहीच माहीत नाही हो. ती एक ओळीची आकडेमोड आहे. तिच्याकडून घर्षणाची अपेक्षा म्हणजे पंचांगाकडून पावसाची.

चक्रमादित्य
रॅक-पिनियनचं (सरळ दातेरी पट्टी आणि चाक) माझंही दुःख नोंदवून ठेवतो. पिच व्यास ४० म्हणजे फेऱ्याला रॅक १२५.६६ मिमी सरकतो. मी १२५ टाकले, 'कोण बघतंय' म्हणून. दहा फेऱ्यांत रॅक साडेसहा मिमी मागे, म्हणजे अख्खा एक दात चुकला. सगळ्यांनी बघितलं.

गोलगोल_राणी
धागा पळवतेय, माफी. प्लॅनेटरी गिअर काढतेय (मध्ये सन, भोवती प्लॅनेट, बाहेर रिंग). सन २०, प्लॅनेट २०, रिंग ६०, तीन प्लॅनेट १२० अंशांवर. एक प्लॅनेट सुरेख बसतो, बाकीचे दोन कसेही फिरवले तरी सनशी जुळले की रिंगमध्ये घुसतात. मेटचा दोष समजू का?

आकडेमोड्या
मेट निर्दोष आहे. रिंग = सन + २ × प्लॅनेट, हे तुमचं जुळलंय. पण समान अंतरावर बसवायला सन आणि रिंगच्या दातांची बेरीज प्लॅनेटच्या संख्येने भागली गेली पाहिजे. २० + ६० = ८०, त्याला तीनने भाग जात नाही. चार प्लॅनेट घ्या, नाहीतर २४-२४-७२ करा. ९६ ला तीनने भाग जातो, आणि रिंग धरून ठेवली तर गुणोत्तर तेच राहतं, १ + ७२/२४ = ४.

गोलगोल_राणी
२४-२४-७२ ने तिन्ही बसले! पण आता कॅरिअर (प्लॅनेट धरणारा भाग) फिरवला की प्लॅनेट रिंगमधून आरपार. गुणोत्तरं दातांचीच टाकली आहेत, शपथ.

सातवा_अंश
कारण प्लॅनेटचा अक्षच फिरतोय. २४:७२ हे नातं कॅरिअरवर बसून बघणाऱ्या माणसासाठी खरं आहे. बाहेरून बघाल तर रिंग स्थिर असताना कॅरिअरच्या एका फेऱ्यात प्लॅनेट कॅरिअरच्या मानाने उलटा तीन फेरे फिरतो, आणि कॅरिअर स्वतः एक सुलटा, म्हणून बाहेरून दोनच उलटे. तीन आणि दोन यांत गल्लत झाली की आरपार.

मी असं करतो: सब-असेम्ब्लीत कॅरिअर फिक्स. सन, प्लॅनेट, रिंग सगळे मोकळे फिरणारे, गिअर मेट तिथेच. रिंगचे दात आतल्या बाजूला, म्हणून प्लॅनेट-रिंग एकाच दिशेला, रिव्हर्स तपासा. मग ही सब-असेम्ब्ली वरच्या असेम्ब्लीत आणून फ्लेक्झिबल (आतले पार्ट हलू देणारी) करायची आणि तिथे रिंग हाउसिंगला बांधायची. फ्लेक्झिबल करायचं विसरलात तर अख्खी सब-असेम्ब्ली ठोकळ्यासारखी जाम होईल.

गोलगोल_राणी
ठोकळ्यासारखी जाम झाली. मग फ्लेक्झिबल केली. आता सन चार, कॅरिअर एक! मोजलं!!

मुक्तस्रोत
फ्रीकॅडवाल्यांसाठीही दोन ओळी असू द्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीपासून असेम्ब्ली वर्कबेंच आतच आहे. एक पार्ट ग्राउंड करायचा, प्रत्येक चाकाला रिव्हॉल्यूट (फक्त फिरू देणारा) जॉइंट, आणि वर गिअर जॉइंट. तो दोन त्रिज्या विचारतो, तिथे पिच त्रिज्या द्या, बाहेरची दिलीत तर हाच धागा पहिल्यापासून वाचावा लागेल. फ्यूजनमध्ये यालाच मोशन लिंक म्हणतात, एका जॉइंटचे ३६० अंश तर दुसऱ्याचे १८०, असं सरळ अंशांत लिहायचं. मला ती पद्धत जास्त आवडते, व्यासाचा संबंधच येत नाही.

ओळंबा
आणि कुणी फिरवून दाखवायला अँगल मेटचा आकडा वाढवत बसत असेल तर १८० अंशांना जपा, तिथे पार्ट पलटी मारतो. मोटर लावा.

खटपट_चालू
मंडळी, परत आलोय. दोन चाकं व्यवस्थित. आता दिशा बदलायला मध्ये आयडलर हवा म्हणून २० दातांचा तिसरा गिअर घातला. कॉन्सेन्ट्रिक, फेस, गिअर मेट, सगळं मीनलताईंच्या पद्धतीने, दातांचेच आकडे. एकही मेट लाल नाही. पण माउसने ओढलं तर काहीच हलत नाही. अजिबात.

आकडेमोड्या
गिअर मेट किती आहेत?

खटपट_चालू
तीन. पहिला-आयडलर, आयडलर-मोठा आणि आधीचा पहिला-मोठा.

आकडेमोड्या
म्हणजे आयडलर मध्ये घातलात, पण आधीची दोन चाकं लांब नाही केलीत? तिन्ही एकमेकांना भिडलेले आहेत?

खटपट_चालू
हो, त्रिकोणात. छान दिसत होतं.

निवृत्त_टूलरूम
हा मशीनमध्येही फिरणार नाही. पहिला सुलटा, तर दुसरा उलटा, तर तिसरा सुलटा, आणि तो परत पहिल्याला भिडलाय. सॉफ्टवेअर खरं बोलतंय.

सातवा_अंश
काका, खेळ म्हणाला होतात ना?

निवृत्त_टूलरूम
शब्द मागे घेतो.

खटपट_चालू
मोठ्या चाकाचा शाफ्ट सरकवायला हाउसिंग पुन्हा काढतोय. ६० ऐवजी किती अंतर ठेवू?

आकडेमोड्या
तिन्ही एका रेषेत घेतलेत तर ४० + ६०, म्हणजे १००. कोनात बसवलंत तर कमी चालेल, पण दोन्ही चाकं एकमेकांना टेकू नयेत म्हणून बाहेरचे व्यास बघा. ४४ आणि ८४ आता कामाला येतील.